शेऱ्याचा रकाना

३ जून
आज युद्ध सुरू. आमच्या नळांच्या कारखान्यातल्या जुन्या, कपाटाएवढ्या मिडरेंज सर्व्हरवर ओपन-सोर्स वेब सॉफ्टवेअर चढवणार. ग्राहक आपलं खातं इथे ब्रेशियात न येता थेट दूर दक्षिणेत, बारी शहरात बसून बघेल. मागे डेटाबेस आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख इर्माबाईंचाच, तीस वर्षांचा. बाई जुलैत रिटायर. खुर्ची माझी.

९ जून
चढेना. सर्व्हरला लाथ घातली. तो ढिम्म, माझा अंगठा काळानिळा. इर्माबाई म्हणाल्या, फाउस्तो, बाळा, डावीकडून मार, उजवीकडे डिस्क आहेत. गळाच दाबावासा वाटला.

१७ जून
चढलं! बळी फक्त एक की-बोर्ड आणि दोन माऊस. बाईंनी दम दिला, ग्राहकांच्या टेबलातले पाचच रकाने घे, सहाव्याला हात लावलास तर हात तोडीन. माझ्यावर जळतात. डेटाबेसला विचारायच्या क्वेरीत नावांऐवजी एक तारा (*) टाकला की सगळे रकाने येतात, पाच नावं टाइप कोण करणार?

२४ जून, सकाळी ९
साइट सुरू. मालक बोर्तोलो यांची पाठीवर थाप.

११.४०
फोन थांबत नाहीत. यश!

११.५५
यश नाही. सहावा रकाना 'शेरा'. त्यात आमचे सेल्समन तीस वर्षं मनातलं लिहीत आलेत. बारीच्या लोरुस्सोला स्वतःच्या खात्यावर दिसलं: 'लबाड. बायको गवंड्याबरोबर पळाली. तो विषय काढा, मऊ पडतो.'

२५ जून
लोरुस्सो रातोरात गाडी हाकत आला. मऊ पडलेला नव्हता. ओरडला, हे जगाला दाखवणारा कोण? मी अभिमानाने पुढे झालो. त्याने शोकेसमधला पितळी नळ उचलून तोंडावर हाणला. नाक फुटलं, दोन दात गेले. नळावर ओरखडाही नाही, मालाचा दर्जा सिद्ध झाला. इर्माबाईंनी त्याचा हात धरला, नाहीतर मी त्याला सोडला नसता.

१ जुलै
कामावर हजर. आधी आपलं खातं उघडलं. मागे घरासाठी नळ घेतला होता, म्हणजे मीही ग्राहक. शेरा मालकांचा, अकरा वर्षांपूर्वीचा: 'आपलाच माणूस. मशीनजवळ एकटा सोडू नका. ओरडला तर ओरडू द्या, मग कॉफी द्या.'

बाईंना मालकांनी आणखी दोन वर्षं थांबवून घेतलंय म्हणे.

दार आपटलं. खुर्ची भिंतीवर फेकली. घसा बसेपर्यंत ओरडलो.

इर्माबाईंनी कॉफी आणून ठेवली.