पलीकडं ऐकू जाऊ नये म्हणून

आई, तुझ्या नातीला दुसरी मुलगी झाली. चार दिवस झाले. नाक अगदी तुझ्यासारखं फताडं. मी तर अशी हरखले की भोरच्या दवाखान्यात झाडणाऱ्या बाईला बी पेढा दिला. ती म्हणाली, "आजी, तुमीच बाळंत झाल्यावानी दिसताय की!" लई हसलो आमी.

पण आई, बाळ झालं तवा मी आत न्हवते. नर्सबाई म्हणाल्या, एकीनंच आत थांबायचं, जिच्यामुळं हिला धीर येईल ती. मी पदर खोचून उठलेच. तर लेक म्हणाली, "आई, तू नको. आत्यांना येऊ दे." सासूला ती आत्या म्हणते. विहीणबाई माझ्याकडं न बघता आत गेल्या.

आपल्या घरची रीत तुझीच. कळा लागल्याचं कुणाला सांगायचं न्हाई, जेवढ्या कानांवर जाईल तेवढं बाळंतपण लांबतं. गुंजवण्याच्या घरात तू माझ्या तोंडात पदराचा बोळा दिलास. "दात आवळ, पण आवाज न्हाई." आन् माझ्यापासनं दोन हात लांब बसून तांदूळ निवडत राहिलीस, कुणी डोकावलं तर कळू नये म्हणून. तांदूळ इंद्रायणीचा होता, एवढंच ध्यानात राहिलंय बघ.

लेकीच्या पहिल्या वेळी म्या तेच केलं. ती माहेरी आलेली. सकाळपासनं आतल्या खोलीत एकटी पडलीय, भ्यायल्यानं लाकडावानी ताठ. आन् मी चुलीपुढं भाकऱ्या थापतेय, शेजारणीला संशय नको. "आई, जरा बस की जवळ." "गप! पलीकडं ऐकू जातंय." गाडी बोलवायला दुपार केली म्या.

ह्या वेळी दाराबाहेर डिंकाच्या लाडवांचा डबा धरून बसले, तर पहिलं बाळंतपण का लांबलं ते नर्सबाई विहीणबाईंना सांगताना ऐकू येत होतं. पहिलटकरणीला वेळ जास्त लागतो, बाळ कसं फिरलंय त्यावर बी असतं, पण बाई भ्याली की अंग आवळतं आन् तीच कळ दुप्पट लागते. हिला चालवा, कंबर चोळा, वरडायचं तर वरडू द्या. लेक मोकळ्यानं वरडली. "आत्या, हात सोडू नका!" आन् मधीच कशाला तरी हसली. कळांच्या मधी हसता येतं, आई. तुला ठाऊक होतं का गं?

तिनं लाडू खाल्ला, बाळ माझ्या मांडीवर दिलं, बोलली बी नीट. रागावली असती तर बरं झालं असतं. काल ऑपरेशन करून घेतलंन्, दोन बास म्हणाली. म्हंजी आता ते दार माझ्यासाठी पुन्हा उघडायचं न्हाई. माझा हात तिच्या हातात जायचा राहिला तो राहिलाच.

तुला वाचता येत न्हवतं, मी बी चौथीपातूर. हा कागद कुठं पाठवायचा न्हाई, पिठाच्या डब्याखाली ठेवीन. खरं सांगू? घेतला होता लेकीसाठीच. वर तिचं नाव लिवलं, लई वेळ बघत बसले, मग खोडलं आन् तिथं 'आई' लिवलं.