दातांसकट उमसुनाय

मी, सायराकुल असान-कीझी, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार साझ-बुलाक, इस्सिक-कुल सरोवराचा दक्षिण काठ, पूर्ण शुद्धीवर आणि पुरेशी चिडलेली असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला गावात माणूस उरलेला नाही. सगळे बिश्केकला, नाहीतर रशियात.

१. दोन खोल्यांचे घर व गोठा पुतणी नुरझामाल हिला. ती छपराचे पत्रे विकेल आणि भिंती पडू देईल. माझ्या हरकतीला विचारतो कोण?

२. पोस्टातली शिल्लक दफनाला व थडग्यावरच्या काळ्या दगडाला. दफनाच्या जेवणाला घोडा कापू नये. खायला कोणी येणार नाही.

३. कॅमेरा ज्याला हवा त्याने न्यावा. जन्मभर मी त्यातून हेच गाव टिपले: जर्दाळूचा मोहोर, ओढ्यावर फुटणारा बर्फ, मेंढ्या कातरताना शिव्या घालणाऱ्या मैत्रिणी. "थांब" असे मी कधी कोणाला म्हटले नाही. म्हटले की आमची माणसे हात गुडघ्यांवर ठेवून मेल्यासारखी बघतात. निगेटिव्ह गोठ्यात होत्या. पुरात भिजून त्यांचा लगदा झाला. तो जाळावा. फोटो एकच वाचला.

४. तो उमसुनायचा. भिंतीला भिंत लागून आयुष्य गेले आमचे. ओढ्यावर मेंढीची आतडी धुताना पाय घसरून ती पाण्यात बसली, डोक्यावरचा रुमाल मानेवर आला, आणि ती हसत सुटली. "काढ गं, काढ मेले! नवऱ्याला दाखव माझा थाट!"

ती गेल्यावर तिच्या थडग्याच्या दगडावर कोरायला मी हाच फोटो तिचा मुलगा मेदेरबेक याला दिला. तो म्हणाला, "मावशी, लोक काय म्हणतील? आईचे दात दिसताहेत." त्याने कोरायला तिचा पासपोर्टचा फोटो दिला. तो काढला त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. आता दगडावर ती कायमचीच ठणकते आहे. मेदेरबेकला माझ्याकडून काहीही मिळू नये.

५. माझा फोटो नाही. कॅमेरा माझ्याच हातात असायचा. म्हणून माझ्या दगडावर, माझ्या नावाच्या वर, उमसुनायचा हा फोटो कोरावा. दातांसकट. हे ऐकून मुल्ला एसेनाली यांनी कपाळाला हात लावला. "सायरा आपा, चित्रच मुळी पाप, त्यात दुसरीचं!"

मी म्हटले, "ओळखणारं कोण उरलंय? मी गेले की तिला तसं हसताना पाहिलेलं कोणीच नाही."

त्यांनी साक्षीची सही करायला पेन मागितले.

दुसरी कोणतीही इच्छा नाही.

साझ-बुलाक, ४ नोव्हेंबर
सही: सायराकुल असान-कीझी

साक्षीदार:
१. एसेनाली, मुल्ला
२. झोलदोश, दगड कोरणारा

(सहीखाली झोलदोशच्याच अक्षरात) आपा, वाचलं सगळं. चेहरा कोरून देतो. पण मेलेल्या माणसाचे दात आम्ही कोरत नाही. तोंड मिटवून देईन.