आई खुणा शिकते

अतबाशी, ४ मार्च

ती. आपास सापारचा सलाम.

तू बिश्केकहून बसवाल्याबरोबर पाठवलेला फोन पोचला. बहिऱ्याला फोन, म्हणून थांब्यावरची माणसं पोट धरून हसली. मीही हसलो. खोगीर शिवताना तो खिशात ठेवतो. गरम होतो, थंडीत तेवढाच उपयोग. आईनं त्याला लोकरीची पिशवी विणलीय. तुझ्यावर रागवावं की तुझं कौतुक करावं, कळत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
सापार

बिश्केक, १२ मार्च

चि. सापारला थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

वेड्या, तो कानाला लावायचाच नाही. समोर उभा करून बघायचा. तुझ्या बहिऱ्यांच्या शाळेतले सगळे त्यावर एकमेकांना बघत हातांनी बोलतात. तुझा नंबर झिबेकला दिलाय. शाळेत जिची वेणी ओढून तू मार खाल्लास, तीच. ओशला शिवणकाम करते. बिचारीचा नवरा वारला. आईचे गुडघे शेकत जा.

आठवण ठेव.
काल्बुबू

अतबाशी, ९ एप्रिल

ती. आपास सलाम.

शाळा सुटल्यापासून गावात खुणांनी बोलायला कोणी नव्हतं. बोटं अडखळली. झिबेक म्हणाली, मी म्हाताऱ्या याकसारखा बोलतो. मी असा हसलो म्हणे, की आई गोठ्यातून धावत आली.

आता फोन चहाच्या किटलीला टेकवून जेवतो. आईला ते खपत नाही. परवा फोन दिसेना. विचारलं तर तिनं तोंड फिरवलं. तिनं तोंड फिरवलं की आमचं बोलणंच संपतं. शेवटी पिठाच्या पोत्यात सापडला. मी जन्मात पहिल्यांदा तिच्यासमोर हात आपटले. तेव्हापासून आम्ही एकमेकांकडे बघत नाही. काय करू, सांग.

तुझा सापार

बिश्केक, १५ एप्रिल

चि. सापारला आशीर्वाद.

शेजाऱ्यांच्या फोनवर आईशी बोलले. खूप रडली. म्हणाली, "त्याचे हात आजवर माझ्याशीच बोलायचे. आता ते काय बोलतात, ते मलाच कळत नाही."

भाकर, घोडा, थंडी, ये, जा, या घरच्या खुणा तिनंच जुळवल्या. पुढची भाषा तू शाळेत शिकलास. तिला कोणी शिकवली? झिबेकला सोडू नकोस. पण आईलाही दाराबाहेर ठेवू नकोस.

तुझीच आपा

अतबाशी, २ जून

ती. आपास सलाम.

तुझं पत्र वाचलं आणि फोन आईच्या समोर ठेवला. आता संध्याकाळी झिबेक तिकडून शिकवते, मी इकडून तिची बोटं सरळ करतो. विद्यार्थिनी फार भांडकुदळ आहे. झिबेक पुढच्या महिन्यात येतेय. आईनं तिला खुणांनी बजावलं, लग्नाचं बघायला येत असशील तर नीट जेवूनखाऊन जाड होऊन ये.

काल आईनं फोन बाजूला ठेवला आणि सावकाश, चुकतमाकत मला विचारलं, तापात तुझे कान जाण्याआधीचा माझा आवाज तुला आठवतो का? आपा, आमच्या घरच्या खुणांत 'आठवणं' नव्हतंच. एवढी वर्षं तिला हे विचारताच आलं नव्हतं.

मी खोटं बोललो नाही. आवाज आठवत नाही म्हणालो. पण तिच्या छातीवर डोकं ठेवलं की काहीतरी घुमायचं, ते आठवतं, असंही सांगितलं.

तिनं माझा तळहात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि गायला लागली.

सापार