तिला पोचवायला गेले तेव्हा

बाबा, आपल्या क्लबातली एक पोरगी मोठ्या क्लबात गेली. मी स्वतः जाऊन पोचवून आले, तुम्ही पोरांना पोचवायचात तशी. तिथे मी एक गोष्ट केली, ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, आता रागावलात तरी मला ऐकू येणार नाही. लिहायची सवय नाही. आठवीत शाळा सोडवलीत ती तुम्हीच, तेव्हा अक्षरावर बोलू नका.

क्लब आहे अजून. तुमच्या वेळची पुरुषांची टीम मोडली. मिलवाली माणसं गेली, त्यांची पोरं कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, रविवारी सकाळी परळला फुटबॉल मारायला कोण येतो? तुमच्या मुलाने तर क्लबाच्या खोलीची किल्ली हातात पण घेतली नाही. 'ताई, विकून टाक सगळं,' बोलला. विकायचं काय? फाटकी जाळी आणि गंजलेला पंप? किल्ली मी घेतली. मग मुलींची टीम केली. हो, मुलींची. पटणार नाही तुम्हाला, माहीत आहे. लीगच्या सगळ्यात खालच्या पायरीवर खेळतो, पण खेळतो. तुमच्या वेळी मिलवाले पगाराच्या दिवशी वर्गणी द्यायचे, आता मी दुकानं फिरते. लालबागचा एक मसालेवाला जर्स्या देतो. पाठीवर नंबर, नंबराखाली 'मिरची कांडून मिळेल'. समोरच्या टीमच्या पोरी ओरडतात, 'ए मिरची, इकडे पास दे ना!' आमच्यावाल्या गोल मारून विचारतात, 'काय गं, लागली का?' पायाला बांधायच्या गार्डच्या जोड्या अकराच आहेत. बाहेर येणारी सोडते, आत जाणारी बांधते, तोपर्यंत रेफ्री घड्याळ बघत उभा. गणपतीच्या आधी मैदानात मंडपाचे खांब पडतात, मग आम्ही बाजूच्या गल्लीत पासिंग करतो. असं चाललंय. रडत नाही मी, नुसतं सांगते.

आणि दरवर्षी दोन-तीन पोरी जातात. मोठ्या क्लबांना आता मुलींची टीम ठेवावी लागते, मग ते आमच्या मॅच बघायला येतात. मोबाइलवर शूटिंग घेतात, पोरीच्या आईबापाशी बोलतात, झालं. दहा वर्षांची येते तेव्हा नाक पुसायचं मी, पाळी आली की घरी जाऊन आईला समजावायचं मी, आणि अठराची झाली, पाय तयार झाला की ती त्यांची. त्यांच्याकडे हिरवं गवत, डॉक्टर, खेळून आल्यावर केळं आणि अंडी. माझ्याकडे चणे. मी पोरींना दोष देत नाही. मी असते तर मी पण गेले असते. हे वाक्य मी सगळ्यांना सांगते आणि सगळे म्हणतात, काकींचं मन मोठं.

माझं मन मोठं नाही, बाबा. तुम्हाला आठवतं, रविवारी संध्याकाळी अकरा जर्स्या चाळीच्या नळावर मी धुवायचे? मॅच बघायला तुम्ही न्यायचा नाहीत. पण कोण घसरून बॉल काढायला गेला आणि कोण दीड तास नुसता उभा राहिला, ते मला मातीवरून कळायचं. एकदा तुम्ही बॉल दाराशी ठेवून चहा पीत होता. मी गॅलरीच्या या टोकाकडून त्या टोकाला असा एक मारला की शेवटच्या खोलीतल्या काकूंची वाळत घातलेली कोकमाची सोलं सगळी खाली. तुम्ही कप ठेवलात, आलात, आणि बोललात, 'पाय मोडून घेतलंस तर कोण करून घेतलो तुका?' बस, तेवढंच. सोलं मी वेचली. शॉट कसा होता ते तुम्ही बोललाच नाहीत.

त्याच वर्षी तुम्ही तुमच्या त्या डावखुऱ्या पोराला बँकेच्या टीमकडे पोचवायला गेलात, तेव्हा त्याच्या बुटांची पिशवी धरायला मला नेलंत. तुम्ही अर्धा दिवस खाडा केलाय, इस्त्रीचं शर्ट घातलंय, त्याचं कोपर धरून चालताय. बँकेचे कोच बाकावर बसलेले. तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहून त्या पोराच्या चुका सांगायला लागता. 'उजवीकडसून कोण इलो तर ह्याका दिसणा नाय. हरलो की दोन दिवस खंय गावाचो नाय. भूक लागली तरी सांगूचो नाय, तुमी विचारा.' ते कोच हसतात. 'अजून?' विचारतात. तुम्ही अजून सांगता. पोरगा मान खाली घालून उभा, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आहे, जणू त्याच्या नावाने मिठाई वाटतायत. क्लबाची रीतच होती ती. जाणाऱ्याच्या चुका त्याच्या तोंडासमोर नव्या कोचला सांगायच्या. जेवढ्या जास्त सांगितल्या तेवढा तो आपला. गुण काय, मैदानात दिसतातच. मी पिशवी धरून ऐकत होते, आणि मला त्या पोराचा एवढा राग आला की त्याचा एक बूट गटारात टाकावासा वाटला.

का ते मला लग्नात कळलं. कॉटन ग्रीनला सासरी पोचवायला तुम्ही आलात. माझ्या सासऱ्यांनी विचारलं, पोरगी कशी आहे? तुम्ही बोललात, 'बरी आसा. भाकरी बरी करता.' एक चूक सांगितली नाहीत. सासऱ्यांना बरं वाटलं. मला तोंड आहे, मी अबोला धरला की महिना महिना धरते, मला कुणी मागून हाक मारली की राग येतो. यातलं एक तरी बोलायचं होतं. तुम्हाला माहीतच नव्हतं.

तर ही पोरगी. वरळी कोळीवाड्यातली, आई मासे विकते. आठ वर्षं माझ्याकडे होती. बॉल पायाशी यायच्या आधीच ती मागे बघून घेते, कुठे कोण आहे. हे मी तिला शिकवलं नाही, शिकवता येत नाही. तिने बॉल घेतला, वळली, की माझ्या पोटरीत कळ यायची. कौतुक नव्हतं ते. कौतुक मला येतं, करते मी. हे म्हणजे माझी पेटीतली साडी दुसरी कुणी नेसून फिरतेय आणि तिला शोभतेय, तसं. मैदानात सगळ्यात जास्त शिव्या मी तिलाच घालायचे. ती हसायची. 'काकी, चिल ना. बीपी वाढेल.'

मोठ्या क्लबाने तिला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, मी पोचवायला येणार. ती बोलली, 'काकी, सगळं ऑनलाइन असतं.' मी म्हटलं, असू दे, आपली रीत आहे. इस्त्रीची साडी नेसले. बसने कुलाब्याच्या बाजूला गेलो. मैदान बघितलं. कार्पेटसारखं. कोच एक बाई, तिशीची असेल, गळ्यात शिट्टी, पायात बूट, हातात टॅबलेट. पगार घेऊन बॉल मारते. उठून उभी राहिली, नमस्कार केला. तिच्यात काही खोट नव्हती, खोट असती तर बरं झालं असतं.

'आँटी, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? फोनवर ओटीपी सांगितला असतात तरी चाललं असतं.'

जुन्या क्लबाने पोरीला सोडल्याचा ओटीपी, तो माझ्याच फोनवर आला. मी चष्मा लावून वाचला. सहा आकड्यांत आठ वर्षं गेली. मग मी म्हटलं, 'आता हिच्या चुका सांगते.'

ती कोच बघतच राहिली. 'हां, बोला ना,' म्हणाली, आणि बोट टॅबलेटवर. मी सुरू केलं. डावा पाय नुसता उभं राहायला वापरते. रेफ्रीला उलट बोलते. पहाटे आईबरोबर भाऊच्या धक्क्याला मासे आणायला जाते, मग सकाळच्या प्रॅक्टिसला झोपलेली असते. कोच लिहीत होती. हसत नव्हती. 'अजून?' असं काही विचारलं नाही. नुसतं टक टक टक. मी समजले की इथे चूक म्हणजे चूकच. इथे ती आपलेपणाने सांगतात हे कुणाला ठाऊक नाही. तिथे थांबायला पाहिजे होतं. तेवढ्यात पलीकडून एक बॉल घरंगळत आला. आमच्यावालीने तो न बघता पायाने उचलला, मांडीवर घेतला, आणि त्या गवतावर परत धाडला. जन्मापासून तिथलीच असल्यासारखी.

मी म्हटलं, 'आणि गुडघा बघून घ्या हिचा. मे महिन्यात गेला होता.'

कोचचं बोट थांबलं. 'गेला होता म्हणजे?'

'गेला म्हणजे गेला. तीन आठवडे लंगडत होती.'

'तू हे बोलली नाहीस मला,' कोच तिला म्हणाली.

'मॅम, ते बरं झालं. मुरगळला होता फक्त. काकीच घेऊन गेल्या होत्या हॉस्पिटलला. काकी, सांगा ना, डॉक्टर काय बोलले?'

मी काय सांगितलं ऐका. 'डॉक्टरांचं काय, गर्दीत दोन मिनिटं बघतात.'

खोटं एक अक्षर नाही. गर्दी होती. पण तीन आठवड्यांनी परत दाखवायला नेली तेव्हा डॉक्टरने दोन मिनिटं बघितलं नव्हतं. त्याने तिला खाटेवर झोपवून गुडघा दुमडला, फिरवला, दाबला, खाली उतरवून उड्या मारायला लावल्या, आणि मला बोलला, 'आजी, घोडा आहे ही. पळवा.' मी तिथेच उभी होते.

कराराची सही थांबली. स्कॅन होईल, रिपोर्ट येईल, मग बघू, असं कोच म्हणाली. त्यांच्या क्लबातपण पैसा झाडाला लागत नाही, दुखऱ्या पायाची पोरगी कोण घेणार? परत येताना बसमध्ये पोरगी खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, रीत आहे, सगळं सांगावं लागतं. 'हो काकी,' एवढंच बोलली. तिच्या आईने दुसऱ्या दिवशी फोन केला. मला वाटलं भांडेल. ती विचारते, 'काकी, पोरीचा पाय खरंच बिघडलाय काय? लपवू नका माझ्यापासून. मी देवीला बोलू का काही?' मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे.

आणि तो रिपोर्ट येईपर्यंत, बाबा, ती रोज आपल्या मैदानात आली. जाणार कुठे? मला कसं वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला छान वाटलं. मी घरून अंडी उकडून नेली, सगळ्यांसाठी नेली म्हणजे दिसायला नको. तिचा गुडघा कुणी बघायला लागलं की मी ओरडायचे. एकदा वाटलं, राहिली तर राहू दे इथेच. काय होणार? लग्न होईल, आईची टोपली घेईल, पोरांना घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहील. माझ्यासारखी. हा विचार मी पूर्ण केला, अर्धवट सोडला नाही, आणि त्यातपण मला वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटलं. ती फ्री किक घ्यायला उभी राहिली आणि मारायच्या आधी तिने एकदा वाकून स्वतःचा गुडघा चाचपला. त्याच्या आधी कधी असं करत नव्हती. चांगल्या गुडघ्यात भीती मी घातली होती. बॉल बाहेर गेला. मी त्या दिवशी शिव्या घातल्या नाहीत. घरी येऊन त्या कोचला फोन लावला, सांगायला की डॉक्टरने ठणठणीत म्हटलं होतं. रिंग वाजली, तिने उचलला, आणि मी विचारलं, 'रिपोर्ट कधी येणार?' बस.

रिपोर्ट चांगला आला. सही झाली. शेवटच्या दिवशी ती जर्सी परत करायला आली, धुऊन, घडी करून. सगळ्या पोरी गोल करून उभ्या. ती सगळ्यांना सांगते, 'काकींमुळे माझा स्कॅन झाला, एक पैसा न देता. मॅम काय बोलल्या माहितेय? ऐसा क्लब पहली बार देखा, खुद आके इंजुरी बताते है. दुसरे लोग छुपाते है.' मग माझ्या पाया पडायला वाकली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. आईने सुरमई पाठवलेली, ती पण घेतली मी. 'पुरे नाटकं,' म्हटलं. 'पळ, बस चुकेल.'

तिला खरं सांगायला पाहिजे. अजून ती फ्री किकआधी गुडघा चाचपते की काय, कोण जाणे. सांगितलं की सुटेल ते. दोनदा फोन हातात घेतला. पण सांगितलं तर का केलं तेपण सांगावं लागेल, आणि का ते तुम्हाला सांगायलाच मला एवढी पानं लागली. तुमच्यावर ढकलत नाही. तुम्ही माझ्या चुका कधी सांगितल्या नाहीत म्हणून मी तिच्या जास्त सांगितल्या, असं म्हणायला सोपं आहे. साठी उलटलेल्या बाईने बापाच्या नावावर खपवायचं काय? मी मत्सर केला. एका पोरीचा, जिला मी स्वतः वाढवली.

हे कागद तुमच्या फोटोमागे वगैरे ठेवणार नाही, रद्दीत जातील. येत्या रविवारी तिची नव्या क्लबातून पहिली मॅच आहे. 'काकी, याच हां, तुमच्यासाठी पुढची खुर्ची ठेवते,' म्हणून रोज मेसेज करते. मी लिहून टाकलं, जमणार नाही, त्या दिवशी आपल्या टीमची मॅच आहे. आमची मॅच नाही त्या दिवशी. काहीच नाही. मी घरी असेन.