वेशीतल्या वीरगळाची पाटी

अण्णा,

दादाचा फोन आला होता. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आता कुठे आपल्या नगरपालिकेला तुमची आठवण झाली. तुम्ही गावभर स्वतःच्या हाताने रंगवून लावलेल्या आठ पत्र्याच्या पाट्या गंजून गेल्या, तिथे काळ्या दगडात कोरलेले फलक बसवणार आहेत. मजकूर तुमच्या वहीतला, खाली तुमचं नाव. सुरुवात वेशीपासून. शाळेच्या नळाजवळ पडलेला वीरगळ, ज्याच्यावर मुलं खुशाल डबे ठेवायची, तो उचलून त्याच्या मूळ जागी म्हणजे वेशीत उभा करायचा, भोवती कठडा घालायचा. त्यासाठी कासारणीचं बांगड्यांचं दुकान हलवणार. "रडतेय बिचारी," दादा म्हणाला, "या वयात कुठे जाणार ती? पण अण्णांनीच लिहून ठेवलंय ना, दगड तिथलाच म्हणून. तू उद्घाटनाला ये, नारळ तुझ्या हातून फोडू." बघते, म्हणाले मी.

ती दिवाळीची सुट्टी तुम्हाला आठवत असेल. तुमचा पाय प्लास्टरमध्ये, तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर, आई चकल्या तळतेय आणि तुमची कुरकुर ऐकून वैतागलीय. दगड मुळात कुठला हे सांगू शकणारा एकच माणूस उरला होता. स्मशानापलीकडे राहणारा म्हातारा गवंडी. त्यानेच तो लहानपणी बापाबरोबर बैलगाडीत घालून शाळेत आणला होता. तुम्ही मला जवळ बोलावता. मी अकरा वर्षांची. "कुठून उचलला, एवढंच विचार. तो सांगेल तेच शब्द आण, पदरचं काही घालू नको." मी निघते. स्मशानाच्या वळणापर्यंत जाते. एक चिता धुमसतेय, आसपास चिटपाखरू नाही, आणि त्या लाकडांत काहीतरी फट्‌कन फुटतं. मी अशी धूम ठोकली की थेट वेशीत येऊन थांबले. कासारणीने मला बसवलं, पाणी दिलं. "काय गं मास्तरांची लेक, भूत बघितलंस का?" म्हणाली, आणि धाप थांबेपर्यंत माझा हात धरून त्यात चार लाल बांगड्या चढवल्या.

घरी आले तेव्हा तुम्ही वही उघडूनच बसला होता. मी म्हणाले, "वेशीतून. कासाराच्या दुकानापाशी होता, म्हणाले." डोळ्यांसमोर तेवढीच एक जागा होती, दुसरं काही सुचलंच नाही. तुम्ही लिहिलंत, 'प्रत्यक्ष विचारून खात्री केली.' मुलांच्या निबंधात 'असे म्हणतात' दिसलं की "कोण म्हणतं? नाव लिही!" म्हणून वर्ग डोक्यावर घेणारे तुम्ही, आणि मला एक उलटा प्रश्न विचारला नाहीत. वर तुमची ती चामडी डबीतली मोजपट्टी माझ्या हातात ठेवलीत. "आजपासून ही तुझी." त्या क्षणी बोलले असते तर एक धपाटा खाऊन सुटले असते. तुमचं प्लास्टर निघायच्या आत गवंडी गेला आणि तुम्ही पाटी रंगवलीत.

आज शनिवार. इथे परदेशात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये खिडकीखालून एलआरटीची छोटी ट्रेन जातेय आणि मी दुपारपासून लॅपटॉप उघडून बसलेय. ऑफिसात मी लोकांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेते, हे ऐकून तुम्ही हसला असता. लेकीला शाळेने परवा जवळचा एक हेरिटेज बोर्ड दाखवायला नेलं होतं. जेवताना तिने विचारलं, "आई, हाऊ डू दे नो इट्स ट्रू?" मग तिला सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "देन जस्ट टेल देम, लाह. द बँगल लेडी वॉज नाइस टू यू, राइट?" आणि ताट उचलून गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

मला मात्र भीती वाटते, अण्णा. एक पाटी खोटी निघाली की उरलेल्या सातांवर कोण विश्वास ठेवील? त्या सातांसाठी तुम्ही उन्हातान्हात सायकल हाणलीत, दोन-दोन माणसांना विचारल्याशिवाय ओळ लिहिली नाहीत. दादा माझ्याशी बोलणं टाकील. गावात लोक म्हणतील, मास्तर पोरीच्या भरवशावर इतिहास लिहायचे. आणि हसू नका, पण मला अजून तुमचीच भीती वाटते. चष्म्यावरून नुसतं बघाल आणि काही बोलणार नाही, त्याची.

मुख्याधिकाऱ्यांना मेल लिहायला बसले होते. 'महोदय' एवढंच लिहून झालंय. त्यापुढे हात चालेना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्ही हे वाचणार नाही. सोमवारी सकाळी दुकान हलवायला माणसं येणार आहेत. मघाशी देवापाशी दिवा लावला तेव्हा मी मागितलं ते कासारणीचं दुकान वाचू दे म्हणून नाही. तिने भांडू नये, मुकाट्याने आपलं सामान बांधून निघून जावं, एवढंच मी मागितलं.