नाशिकच्या नावावर शिवलास

वैशूच्या बापा,

मी काय कमी बोलले होते का रे त्या दिवशी? दहाव्याला झाईच्या किनाऱ्यावर सगळे भाऊबंद उन्हात उभे, पिंडावरचा भात सुकत चाललेला, आणि कावळा आपला सुरूच्या झाडावर बसून मान वाकडी करून बघतोय. मी हात जोडून म्हटलं, वैशूचं लग्न नीट करून देईन. नाही आलास. म्हटलं, तुझ्या आईला अंतर देणार नाही. नाही आलास. म्हटलं, मी रडत बसणार नाही, तू सुखाने जा. तरी नाही! आणि मागून तुझा भाऊ रामदास ओरडला, "दादा, तुझी नाशिकची सफर मी पुरी करीन!" तसा झडप घालून आलास. भाताचं शीत सोडलं नाहीस.

सगळे हसले. "बघा, जीव कुठं अडकला होता!" मी पण हसले त्यांच्याबरोबर. काय करणार?

तेव्हापासून हे पोटात घेऊन फिरतेय. शिमग्याआधी गेलास, आता दिवाळी झाली. बोलले नसते, पण काल संध्याकाळी रामदास बायकोला घेऊन आला. नाशिकच्या हॉटेलवाल्यांनी वैशूला आपल्या खोलीची तारीख एकदाच पुढे ढकलून दिली होती, ती येत्या आयतवारची आहे. मला वाटलं, मला घेऊन जायचं विचारायला आला. मी चहा ठेवला.

"वयनी, आयतवारी सकाळी निघतो," म्हणाला. "मी आणि सुनंदा."

"खोली माझ्या आणि तुझ्या दादाच्या नावाची आहे."

"पण कावळ्याला शब्द मी दिलाय. ज्याने दिला त्याने पुरा करायचा. नाहीतर दादा भटकत राहील."

सुनंदा म्हणते, "आणि तुमचं वर्ष झालं नाही, वयनी. वर्षाच्या आत बाईने रात्र बाहेर काढायची नसते. मी येताना तुमच्यासाठी काहीतरी आणीन ना."

"काय आणशील? त्या हॉटेलातला अंघोळीचा टब आणशील?"

साडी कुठली नेसायची ते तिने ठरवलंय, वाटेत चारोटीला थांबून नाश्ता काय करायचा तेही ठरवलंय. माझ्यासमोर बोलत होती. चहा मी तसाच चुलीवर आटवला. दिला नाही.

आता तू सांग, सफर कोणाची होती?

तुला चांगलं माहीत आहे मी लग्न होऊन आल्यापासून आपण एक रात्र कुठे गेलो नाही. ताडीचं झाड सकाळ-संध्याकाळ छेद मागतं, एक वेळ चुकली की रस आटतो. किती वेळा ऐकलं मी हे! माझ्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि तू मांडवातून उठून गेलास. माझा बाप गेला तेव्हा तलासरीला तोंड दाखवलंस आणि संध्याकाळच्या आत माघारी, मडकी उतरवायला. मी भांडले तर म्हणायचास, "झाडाला सुतक कळत नाही." मला कळत होतं ना पण!

आणि मग एवढ्या वर्षांनी त्या बॉर्डरपलीकडून ताडी प्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनी तुझ्या डोक्यात भरवलं. की नाशिकला द्राक्षाची दारू करतात, ती वर्षं वर्षं तळघरात पडून राहते आणि पडून पडून चांगली होते. तुला झोप येईना. "आपली सकाळी गोड, दुपारी आंबट, संध्याकाळी फेकायची. आणि त्या दारूला घाईच नाही? पारू, ती बघायला पाहिजे." मी म्हटलं, बघून ये. तर म्हणालास, "बघून नाही यायचं. राहायचं. मोठ्या हॉटेलात. गिऱ्हाईक म्हणून बसायचं, आणि दुसऱ्याने ओतायचं."

वैशूने मोबाईलवर दाखवलं, पलंगावरून पडद्याबाहेर सगळा द्राक्षाचा मळा, आणि बाहेर गॅलरीत टब. खोली ठरवायला तिने फोन लावला, तर तू तिच्या हातातून फोन घेऊन त्या हॉटेलच्या मुलीला विचारलंस, "टबात दोन माणसं मावतात का?" वैशू लाजून पडवीत पळाली. मी म्हटलं, म्हातारपणी अक्कल गहाण टाकली काय. पण बॅग कोणी भरली रे? डहाणूला जाऊन नवा ब्लाउज कोणी शिवून आणला? तू पॅन्ट घालायची का लुंगी, त्यावर आपण तीन दिवस भांडलो. मी म्हणत होते पॅन्ट, तू म्हणायचास, पैसे भरलेत, लुंगीत बसलो तरी ओतावंच लागेल त्यांना!

त्या एका रात्रीसाठी झाडं कोण बघणार होतं? रामदास. तूच ठरवलं होतंस. तो इथे, आपण तिथे. आणि आता तो म्हणतो, दोन दिवस झाडं बंद ठेवीन, दादाच्या इच्छेपुढे झाडाचं काय! माझ्या बापाच्या मयताला बंद नाही राहिली ती झाडं.

ताडावरून कधी पाय सरकला नाही तुझा. गावातली दोन माणसं पडून गेली, तू हसत उतरायचास. आणि गेलास कशाने? तापाने. गोधडीत. मी डोक्यावर पट्ट्या बदलत होते आणि तू म्हणालास, "आपण जाऊ." तेवढंच. मी म्हटलं, हो हो, जाऊ, आधी पेज पी. पेज प्यायला नाहीस.

त्या "आपण"मध्ये कोण होतं, ते मला सांग. मी होते, की नुसती दारू आणि मळा होता, आणि मी फक्त जवळ बसलेली होते म्हणून माझ्याकडे बघून बोललास? कारण मी होते म्हणावं, तर माझ्या बोलण्यावर का नाही शिवलास? पोरीचं लग्न, आई, घर, सगळं तुझंच तर देत होते तुला. आता दोन घास खाते ते पोरीसाठी. रात्री अंथरूण टाकते आणि तुझ्या बाजूला पाठ करून झोपते. रागाने. मग रिकामं आहे ते कळतं.

लोकांना काय सांगू? माझा नवरा माझ्यात अडकला नव्हता, हॉटेलात अडकला होता?

वैशू म्हणते, "आई, तू जा. मी बघते कोण काय बोलतं ते." तुझी आई ओसरीवरून म्हणते, "त्याला विचार. तो सांगेल तसं कर." म्हणून चौथीपर्यंतचं जे काय अक्षर येतं त्यात विचारतेय.

माझं वचन ऐक. तू हो म्हणालास, तर वर्ष झालं असो नसो, जग काय बोलायचं ते बोलो, रामदासच्या गाडीत मी बसणार. तो मला सोडेल आणि माघारी येईल, झाडांवर चढायला. नवा ब्लाउज घालीन. गिऱ्हाईक म्हणून बसेन, दुसऱ्याला ओतू देईन, आणि कितीही कडू लागली तरी तोंड वाकडं करणार नाही. तुझ्या वाटणीचीही पिईन. टबात एकटी बसेन. हसू नको.

आणि नाही म्हणालास, तर बॅग सुनंदाला देऊन टाकीन, पुन्हा या गोष्टीचं नाव काढणार नाही.

पण सांग. कावळा पाठवू नको, त्याच्यावर माझा भरवसा राहिला नाही. स्वप्नात ये आणि तुझ्या तोंडाने बोल. शनवारी रात्री मी लवकर झोपते. आयतवारी सकाळी गाडी दारात येईल, त्याच्या आत मला कळलं पाहिजे, तुला बरोबर मी हवी होते की नव्हते?

तुझी,
पारू