कोमट पाणी

ता. ४ जानेवारी

चि. टोचणीबाईस आत्याचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण तुझा बाप. परवा पाय फार गार पडले म्हणून गरम पाण्यात बुडवले आणि तळव्याला टपोरे फोड आणले. पण दुखत अजिबात नाही! मी म्हटलं, शिंप्याची कातडी जाड कापडाची दिसते. तर म्हणतो, आतून अस्तरही आहे. माझा नवरा गेल्यापासून छळायला हा एकच भाऊ उरलाय, म्हणून जपते हो.

फोडांवर दात घासायची पेस्ट लावून जुन्या चादरीची पट्टी बांधलीय. त्याच पायाने मशीन धडधडा चालवतोय. साखरेच्या गोळ्या घेतो, बहुतेक. तू भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स आहेस, तर एखादं चांगलं मलम कळव.

जीव आहेच तुझ्यावर, तूही थोडा लाव.
आत्या

ता. ९ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. पाच दिवस गेले, आत्या! फोन का नाही केलास? तुमच्या शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवलाय. हे पत्र डॉक्टरांना दाखव.

दुखत नाही हीच वाईट खूण आहे. साखरेने बाबांच्या पायाच्या नसा मेल्यात. आजच्या आज दवाखान्यात ने. पेस्ट लावू नकोस, फोड फोडू नकोस, पाय जमिनीला टेकवू देऊ नकोस. शिवण बंद. तळवा पांढरा, चामड्यासारखा झालाय का ते बघ. साखर तपासायला सांग.

बाबांना हजारदा बजावलंय, पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने बघून घ्या. तू घरात होतीस ना? तुला हात घालून बघायला का नाही सांगितलं त्यांनी?

माझी काळजी करू नकोस, त्यांची कर. लोभ आहेच.
तुझी टोचणी

ता. २३ जानेवारी

चि. पोरीस आशीर्वाद. वि. वि.

तू तीन दिवस इथे होतीस. त्याचा पाय घोट्यापासून काढला तेव्हा माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडलीस, आणि मी गप्प बसले. फोनही त्यासाठीच केला नव्हता. आवाजावरून तू माझं खोटं पकडतेस.

पाणी मी ओतलं गं. आधी हात घालून बघितलं, पार मनगटापर्यंत. कोमट लागलं. तो म्हणाला, आक्का, काहीच जाणवत नाही. मी म्हटलं, मग घे अजून एक तांब्या. दवाखान्यात मात्र त्याने सगळ्यांना सांगितलं, पाणी माझं मीच घेतलं. बोलताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तू गेल्यावर डॉक्टरीणबाईंपुढे हात धरला. त्यांनी डोळे मिटायला लावले, दोऱ्यासारखं काहीतरी बोटांना टेकवणार होत्या. बराच वेळ झाला तेव्हा म्हटलं, लावा की बाई आता. त्या म्हणाल्या, दहाही बोटांना लावून झालं. रक्तात साखर निघाली, तुझ्या बापापेक्षा जास्त. किती वर्षांची कोण जाणे.

काल त्याचा चेहरा उतरलेला दिसला. कपाळावर हात ठेवला. आई गेल्यापासून त्याचा ताप मीच बघत आलेय. पुष्कळ वेळ हात तसाच ठेवून उभी राहिले. मग नर्सला हाक मारून विचारलं, बाई, तापलाय का हा?

राग धर, पण मला धरून ठेव.
आत्या